अल्जीयर्सचा बंदिवान

इ. स. १५७५ च्या सप्टेंबर महिन्यात ‘सोल’ नावाचे एक स्पॅनिश गलबत इटलीतील नेपल्स बंदरातून स्वदेशी जाण्यास निघाले. गलबतावर मिगेल सर्व्हांटिस नावाचा एक तरुण सैनिक व त्याचा भाऊ रॉद्रिगो असे दोघे होते. मिगेलचा डावा हात निकामी झालेला होता. चार वर्षांपूर्वी, ७ ऑक्टोबर १५७१ रोजी, लेपांटो येथे तुर्कांच्या आरमाराशी जे घनघोर युद्ध झाले, त्यात त्याने हा हात गमावला होता. त्या दिवशी तो तापाने फणफणला होता. खाली जाऊन पडून राहण्याचा वरिष्ठांचा सल्ला त्याने मानला नाही. तो लढावयास उभा राहिला आणि छातीवर दोन व हातावर एक अशा तीन गोळ्यांच्या जखमा त्याला झाल्या. बरा झाल्यावर तो पुन्हा पलटणीत दाखल झाला. आता मात्र त्याला घराची ओढ लागली होती. सेनापती डॉन जॉन याने दिलेले शिफारसपत्र त्याच्यापाशी होते. त्याच्या बळावर राजदरबारी एखादी चांगली जागा मिळेल, अशी त्याची उमेद होती.

स्पेनचा किनारा जवळ आला असतानाच अल्जीयर्सच्या चाच्यांनी गलबतावर हल्ला केला. दोघे भाऊ पकडले गेले. आणि दैवाचा खेळ असा, की जे पत्र त्याचे भाग्य उघडणार होते, तेच त्याच्या पायातील बेडी झाले! असे पत्र बाळगणारा कोणी बडा सरदारच असला पाहिजे, असे चाच्यांना वाटले. त्यांनी त्याची खंडणी भरमसाट ठरविली. त्याचा बाप एक गरीब शस्त्रवैद्य होता. एवढे द्रव्य त्याने आणावे कोठून?

सर्व्हांटिस स्वस्थ बसला नाही. पहिल्या खेपेस काही सोबत्यांसह तो पायीच ओरान या स्पॅनिश ठाण्याकडे निघाला. परंतु वाटाड्या त्यांना सोडून गेला व सर्वांना परतावे लागले. इ. स. १५७७ मध्ये घरून काही पैसा आला. तो दोघांना पुरण्यासारखा नव्हता; रॉद्रिगो सुटला आणि मिगेल मागे राहिला. स्पेनला पोहोचल्यावर रॉद्रिगोने एक गलबत गुपचूप किनाऱ्याशी धाडावे, असा बेत ठरला होता. शहराबाहेरील एका बागेतील गुहेत सर्व्हांटिसने आपल्या सोबत्यांना लपविले. त्यांना अन्न पोहोचविण्याची व्यवस्था त्याने कित्येक दिवस मोठ्या धोक्याने चालविली. अखेर एका फितुराने घात केला. शिपाई आले, तेव्हा सर्व्हांटिसने पुढे होऊन सर्व दोष एकट्याने आपल्या माथी घेतला. तरीही बिचाऱ्या माळ्यास फासावर चढविण्यात आले.

यानंतरही त्याने दोन प्रयत्न केले. ओरानच्या सुभेदारास लिहिलेली त्याची पत्रे पकडली गेली, तेव्हा त्याला दोन हजार फटक्यांची शिक्षा फर्मावण्यात आली. ती अंमलात मात्र आली नाही. चौथ्या वेळी सुमारे साठ बंदिवानांना नेण्याची सिद्धता झाली असता पुन्हा फितुरी झाली. अल्जीयर्सचा अधिपती हसन पाशा क्रौर्याबद्दल कुप्रसिद्ध होता. त्याने या लुळ्या कैद्याला जिवंत का ठेवले, याचा उलगडा इतिहासकारांना समाधानकारकपणे झालेला नाही. मोठ्या खंडणीचा लोभ हे एक कारण असावे. परंतु तेवढेच असेल असे वाटत नाही.

इकडे आईने त्याच्यासाठी काय करावयाचे बाकी ठेविले? सरकारी मदत मिळावी म्हणून नवरा हयात असता तिने आपण विधवा असल्याचे अर्जात लिहिले. इ. स. १५७९ मध्ये तिने व तिच्या मुलीने तीनशे डुकाट जमवून ते बंदिवानांची सुटका करणाऱ्या धर्मगुरूंच्या हवाली केले. खंडणी होती पाचशे सुवर्ण एस्कुदो. त्यातच हसन पाशाची मुदत संपली व तो कॉन्स्टँटिनोपलला निघाला. सर्व्हांटिसलाही त्याच्या गलबतावर साखळदंडांनी जखडून ठेवले होते. तिकडे गेलेला गुलाम परत येण्याची आशा जवळजवळ नसे. फादर ह्वान हिल यांनी व्यापाऱ्यांकडून उसने पैसे घेऊन उरलेली रक्कम भरली आणि १९ सप्टेंबर १५८० रोजी सर्व्हांटिस मुक्त झाला.

तरीही तो लगेच निघाला नाही. एका शत्रूने त्याच्याविरुद्ध कंड्या पिकविल्या होत्या. म्हणून सहबंदिवानांच्या साक्षी लेखी नोंदवून घेऊनच त्याने अल्जीयर्स सोडले. पाच वर्षे खोळंबलेला तो प्रवास ऑक्टोबरच्या अखेरीस पुरा झाला.

मायदेशी त्याच्या पराक्रमाची आठवण कोणास नव्हती. आरमारासाठी गावोगाव धान्य व तेल गोळा करण्याची नोकरी त्याला पत्करावी लागली. इ. स. १५९० मध्ये अमेरिकेतील एखाद्या जागेसाठी त्याने केलेला अर्ज नामंजूर झाला. पुढे हिशेबातील घोटाळ्यामुळे त्याने सेव्हिलचा तुरुंगही पाहिला. इ. स. १६०५ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्याच्या ‘डॉन क्विक्झोट’ या कादंबरीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या ग्रंथात अल्जीयर्सहून सुटून आलेला एक बंदिवान आपली कहाणी सांगतो. सांगता सांगता तो सावेद्रा नावाच्या एका स्पॅनिश सैनिकाचा ओझरता उल्लेख करतो. सावेद्रा हे सर्व्हांटिसचेच दुसरे आडनाव होते.