काळाच्या खुणा कोरणारा कारागीर : आडोल्फ लांगे

प्रस्तावना
एखाद्या गावाचे नाव तेथील हस्तकौशल्यामुळे दूरवर पोहोचते. झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूर एकेकाळी आलाच्या मुळ्यांनी लाल रंगवलेल्या खारव्याच्या कापडासाठी प्रसिद्ध होते. जर्मनीतील ग्लासह्युटे हे छोटे गाव तसेच घड्याळांमुळे ओळखले जाते. ही ओळख ज्याने घडवली, त्या फर्डिनांड आडोल्फ लांगे यांचे चरित्र या पाठात आपण वाचणार आहोत.

मूळ पाठ
आडोल्फ लांगे यांचा जन्म 18 फेब्रुवारी 1815 रोजी सॅक्सनी राज्याची राजधानी ड्रेस्डेन येथे झाला. वडील बंदुका बनवणारे कारागीर होते. आईवडील विभक्त झाल्यामुळे आडोल्फचे बालपण एका व्यापारी कुटुंबाच्या आश्रयाने गेले. 1830 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, राजदरबाराचे घड्याळजी योहान ख्रिस्तियान फ्रीडरिख गुटकेस यांच्याकडे तो उमेदवारी करू लागला. हाताने काम शिकत असतानाच तंत्रशाळेत जाऊन त्याने शास्त्रीय ज्ञानही मिळवले.

शिक्षण संपल्यावर 1837 मध्ये लांगे प्रवासाला निघाले. पॅरिसमध्ये नामवंत घड्याळजी विनर्ल यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. प्रवासात त्यांनी एक वही जवळ बाळगली होती. चाकांचे दाते, त्यांची प्रमाणे, यंत्रांच्या आकृत्या असे सारे काही ते तिच्यात बारकाईने नोंदवीत. 1841 मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढच्या वर्षी गुटकेस यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला.

दरबारी घड्याळजीचा जावई म्हणून राजधानीत सुखाने राहणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र वेगळी वाट धरली. सॅक्सनीच्या डोंगराळ भागातील चांदीच्या खाणी ओस पडल्या होत्या. गवताच्या काड्या विणून लोक कसेबसे पोट भरत होते. येथील तरुणांना घड्याळाचे काम शिकवावे, म्हणजे उपासमार टळेल, अशी योजना लांगे यांनी सरकारपुढे मांडली. बऱ्याच पाठपुराव्यानंतर सरकारने कर्ज मंजूर केले आणि 7 डिसेंबर 1845 रोजी ग्लासह्युटे येथे पंधरा शिकाऊ मुलांसह काम सुरू झाले.

आरंभ अतिशय कठीण होता. काडी विणणारी आणि खाणकाम करणारी बोटे केसाएवढ्या बारीक कामाला सरावली नव्हती. पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा लांगे यांनी स्वतःची पुंजीही त्यात घातली. त्यांनी कामाची विभागणी केली आणि प्रत्येकाला एकाच भागात तरबेज केले. जुन्या फ्रेंच मापाऐवजी त्यांनी मिलिमीटरचे माप स्वीकारले. त्यामुळे सुट्या भागांची मापे नेमकी जुळू लागली. शिकून तयार झालेल्यांनी आपापले छोटे कारखाने काढावेत, याला त्यांनी उत्तेजन दिले. आपली विद्या त्यांनी आपल्याच घरात कोंडून ठेवली नाही. 1848 पासून अठरा वर्षे ते गावाचे नगराध्यक्षही होते.

लांगे यांच्या कामाची साक्ष त्यांच्या घड्याळांच्या यंत्रांतच उमटलेली आहे. म्हणूनच जुने घड्याळ हाती आले की जाणकार तबकडीवर विसंबत नाही. तो मागचे झाकण उघडतो. 1864 च्या सुमारास लांगे यांनी यंत्राचा पाऊण भाग झाकणारी एकच धातूची पाटी प्रचारात आणली. चाकांचे आस तिच्यामुळे स्थिर राहतात. माणकांचे खडे सोन्याच्या कोंदणात बसवून ती कोंदणे स्क्रूने घट्ट करणे, हीदेखील तेथील कारागिरीची ओळख ठरली. 1868 मध्ये थोरला मुलगा रिचर्ड भागीदार झाला आणि कारखान्याच्या नावाला ‘उंड झोने’, म्हणजे ‘आणि पुत्र’, हे शब्द जोडले गेले. ज्या यंत्रावर हे शब्द मुळातूनच कोरलेले आहेत, ते 1868 च्या आधीचे असू शकत नाही.

पुढील काळातील खुणाही अशाच बोलक्या आहेत. जर्मनीत 1888 पासून सोन्याच्या घड्याळावर सूर्य व मुकुट, तर चांदीच्या घड्याळावर चंद्रकोर व मुकुट असा शिक्का येऊ लागला. 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतर परदेशी जाणाऱ्या मालावर ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द आढळू लागले. भारतात तसा कायदा 1889 मध्ये झाला. मात्र एक सावधगिरी हवी. घड्याळाचे कवच बदलता येते, तबकडीही बदलता येते. म्हणून एकाच खुणेवर निर्णय न देता यंत्राची रचना, त्यावरील क्रमांक, नाव आणि शिक्का या सर्वांचा मेळ पाहावा लागतो.

3 डिसेंबर 1875 रोजी लांगे यांचे निधन झाले. 1895 मध्ये गावाने कृतज्ञतेने त्यांचे स्मारक उभारले. दुसऱ्या महायुद्धात, मे 1945 मध्ये, कारखान्यावर बॉम्ब पडले. 1948 मध्ये पूर्व जर्मनीतील राजवटीने तो ताब्यात घेतला आणि तबकडीवरून लांगे हे नाव नाहीसे झाले. तरीही गावातील हात काम विसरले नव्हते. 7 डिसेंबर 1990 रोजी, बरोबर 145 वर्षांनी, लांगे यांचे पणतू वाल्टर लांगे यांनी त्याच नावाने पुन्हा कंपनी स्थापन केली.

वास्तू पडतात, मालक बदलतात, नावेही पुसली जातात. पण एकाने दुसऱ्याला मन लावून शिकवलेली विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते, हेच या चरित्रातून दिसून येते.

पाठावर आधारित प्रश्न
1. लांगे यांनी राजधानी सोडून ग्लासह्युटे येथे काम का सुरू केले?
2. जुन्या घड्याळाचा काळ ठरवताना एकाच खुणेवर विसंबणे योग्य का नाही?
3. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटून त्याची विद्या त्याला कोणी शिकवली, याची माहिती दहा ओळींत लिहा.