थिओडोर गॉर्डन : क्षयाने गाठलेला एक मच्छीमार आणि त्याची तरंगणारी माशी

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, तो पाण्यात सोडायचा आणि वाट पाहायची, ही मासे पकडण्याची पद्धत आपल्याकडे गावोगावी ठाऊक आहे. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र गळावर खाण्याजोगे काही नसतेच. पिसे आणि रेशमी धागा गळाभोवती गुंडाळून किड्यासारखी दिसणारी नकली माशी बनवतात आणि लांब, लवचीक काठीने ती पाण्यावर अलगद टाकतात. अमेरिकेत या कलेला नवे वळण देणाऱ्यांमध्ये थिओडोर गॉर्डन यांचे नाव आघाडीवर आहे.

नाजूक प्रकृती, नदीची ओढ

गॉर्डन यांचा जन्म १८५४ मध्ये पिट्सबर्ग येथे झाला. वडील लवकर गेले. प्रकृती लहानपणापासून तोळामासा. काही काळ त्यांनी हिशेबाचे काम केले, पण मन रमले ते नदीवरच. पुढे ते न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरात, नेव्हरसिंक नदीच्या काठी राहू लागले. हिवाळाभर माश्या बांधायच्या, त्या विकायच्या, मासिकांसाठी लिहायचे आणि बर्फ वितळला की नदीवर जायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

इंग्लंडहून आलेला संच

१८८३ मध्ये जर्मनीतून ब्राऊन ट्राऊट माशाची अंडी अमेरिकेत आली आणि हा मासा तिथल्या नद्यांत पसरला. स्थानिक ब्रूक ट्राऊटपेक्षा तो जास्त सावध. पाण्यात बुडणाऱ्या जुन्या माश्यांना तो सहज फसत नसे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांवर, म्हणजे ड्राय फ्लायवर, पुस्तक लिहिले होते. गॉर्डन यांनी त्यांना पत्र पाठवले. १८९० मध्ये हॅलफर्ड यांच्याकडून माश्यांचा संच आला.

पण इंग्लंडमधले ते प्रवाह संथ, तर कॅट्सकिलच्या नद्या खळाळत्या, किडेही वेगळे. त्यामुळे नुसती नक्कल चालणार नव्हती. गॉर्डन यांनी आपल्या नदीवरचे किडे निरखले. कोंबड्याच्या मानेची ताठ पिसे वापरून त्यांनी खळाळातही तरंगेल अशी माशी बांधली. मोरपिसाच्या डोळ्याजवळचा तंतू सोलून गळाच्या दांडीवर गुंडाळला, की किड्याच्या पोटासारखे गडद-फिकट पट्टे दिसतात. याच युक्तीने बनलेली माशी ‘क्विल गॉर्डन’ म्हणून ओळखली जाते.

औषध नसलेला आजार

गॉर्डन यांना क्षयाने गाठले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता, पण त्यावर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले. तोवर विश्रांती, सकस आहार आणि डोंगराची मोकळी हवा एवढेच उपाय होते. १ मे १९१५ रोजी, ट्राऊटचा हंगाम ऐन भरात येत असताना, नेव्हरसिंकच्या काठी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६० वर्षांचे होते.

मागे काय उरले?

गॉर्डन यांनी हयातीत एकही पुस्तक लिहिले नाही. माशी बांधण्याची आपली पद्धतही ते सहसा कुणाला दाखवत नसत. अपवाद होता रॉय स्टीनरॉड या टपाल कर्मचाऱ्याचा. गिऱ्हाईक म्हणून ओळख झालेल्या या तरुणाला त्यांनी शिकवले. तो एक शिष्य मिळाला नसता, तर बरेच काही त्यांच्याबरोबरच गेले असते. स्टीनरॉड यांनी पुढच्याच वर्षी ‘हेंड्रिक्सन’ ही प्रसिद्ध माशी तयार केली आणि ही विद्या इतरांना दिली. १९४७ मध्ये जॉन मॅकडोनाल्ड यांनी गॉर्डन यांचे लेख आणि पत्रे पुस्तकरूपाने आणली.

नदीचा तो काठ मात्र राहिला नाही. नंदुरबार जिल्ह्यातील काठी ज्या अक्कलकुवा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले नर्मदाकाठचे मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्यात गेले. तसाच नेव्हरसिंकचा तो भाग, गॉर्डन यांनी अखेरचे दिवस काढलेल्या घराच्या जागेसह, न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवण्यासाठी १९५३ मध्ये पूर्ण झालेल्या जलाशयाखाली गेला. कॅट्सकिलच्या उरलेल्या प्रवाहांवर मात्र दर वसंतात क्विल गॉर्डन आजही पाण्यावर उतरते.