फातेमा इस्माईल : एका मातेची जिद्द

वाचकहो, ठाणे, मुंब्रा, कल्याण किंवा भिवंडीहून मुंबईस गेल्यावर आपण हाजी अलीचा दर्गा अनेकदा पाहिला असेल. परंतु त्याच परिसरात अपंगांच्या सेवेसाठी उभ्या असलेल्या संस्थांकडे आपले लक्ष गेले आहे काय? त्यांच्या इतिहासाशी एका मुस्लिम मातेचे नाव निगडित आहे. त्या म्हणजे फातेमा इस्माईल.

त्यांचा जन्म १९०३ साली सोबानी घराण्यात झाला. १९२१ मध्ये परळ येथे गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची जी मोठी होळी झाली, ती त्यांचे बंधू उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात. अशा घरात देशसेवेचे बाळकडू मिळाले, यात नवल ते काय?

पुढे त्यांचा विवाह झाला, संसार फुलला आणि एके दिवशी लहानग्या मुलीला पोलिओने गाठले. त्या काळी या रोगावर लस नव्हती. नशिबाला बोल लावून मुलीला घरात बसवून ठेवणारे आईबाप तेव्हा घरोघरी होते. फातेमाबाईंनी मात्र मुलीला मद्रासला डॉ. किणी या अस्थितज्ज्ञांकडे नेले. लुळे पडलेले स्नायू शेक, मालिश व नियमित व्यायामाने जपावे लागतात, नाहीतर सांधे आखडतात आणि पाय वाकडे होतात. हे उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्यांना चिकाटी लागते. ती चिकाटी फळास आली व मुलगी चालू लागली.

येथे एखादी माता समाधानाने थांबली असती. परंतु ज्यांना मद्रास गाठणे शक्य नाही त्या गरिबांच्या मुलांचे काय, या विचाराने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १९४७ साली त्यांनी मुंबईत चौपाटीवर पोलिओग्रस्त बालकांसाठी लहानसे चिकित्सालय सुरू केले. त्यातूनच अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था व हाजी अली येथील मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. १९५५ मध्ये त्याच परिसरात अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. केवळ पाय सरळ करून भागत नाही, हाताला कामही हवे, हे जाणून त्यांनी प्रौढ अपंगांच्या रोजगारासाठीही संस्था काढली.

१९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्या होत्या. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

पालकहो, भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. परंतु अपंगत्वाची इतर कारणे संपलेली नाहीत, आणि पाहुणे आले की अशा मुलाला आतल्या खोलीत नेण्याची आपली सवयही गेलेली नाही. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तेव्हा शासकीय रुग्णालयातून दाखला घ्या, उपचार मध्येच सोडू नका आणि मुलाचे नाव शाळेत घाला.

आणि विद्यार्थी मित्रहो, असे मूल आपल्या वर्गात आले तर त्याच्यासाठी शेजारची जागा राखून ठेवा. फातेमाबाईंचे काम पुढे नेण्यास एवढी सुरुवात पुरेशी आहे.