रेणूंना नावे देणारे डॉ. रघुवीर

कोळसा जळतो तेव्हा कार्बनचा एक अणू हवेतील ऑक्सिजनच्या दोन अणूंशी जोडला जातो. कार्बनच्या बाह्यतम कवचात ४ इलेक्ट्रॉन असतात, तर ऑक्सिजनच्या बाह्यतम कवचात ६. प्रत्येकाचे कवच ८ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण व्हावे यासाठी हे अणू इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सामाईक ठेवतात. अशा बंधास सहसंयुज बंध म्हणतात. या रेणूला आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. डॉ. रघुवीर यांनी मात्र त्याला प्रांगार द्विजारेय असे नाव दिले. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते, संस्कृतचे पंडित होते.

त्यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडी येथे झाला. लंडन आणि हॉलंड येथे उच्च पदव्या संपादन करून ते लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले. तेथेच त्यांनी सरस्वती विहार ही संशोधनसंस्था स्थापन केली व १९४६ साली ती नागपूरला आणली.

नागपूर ही तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती. नागपूर-अमरावतीकडे मराठी आणि जबलपूर-सागरकडे हिंदी, असा हा द्विभाषिक प्रांत. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलत. महाविद्यालयात विज्ञान शिकायचे तर इंग्रजीवाचून गत्यंतर नसे. बुद्धी असूनही केवळ भाषेपायी कित्येकांसाठी विज्ञानाचे दार बंद राही. हे दार उघडावे, ही रघुवीरांची तळमळ होती. शब्द संस्कृतातून घडविला, तर तो हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना सारखाच उपयोगी पडेल, असा त्यांचा विश्वास होता.

त्यांची रीत गणितासारखी होती. सुमारे ५०० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय एवढ्या भांडवलावर लाखो शब्द घडविता येतात, असे ते मांडीत. अंगारावरून कार्बनला प्रांगार आणि जारण या जुन्या शब्दाशी नाते सांगणारे जारक हे ऑक्सिजनला, अशी नावे त्यांनी दिली. संयुगाच्या नावात पहिले मूलद्रव्य जसेच्या तसे ठेवायचे. दुसऱ्याच्या आधी अणूंची संख्या जोडायची आणि त्याचा शेवट बदलायचा. जारकाचे जारेय होते, दोन अणू असले की द्विजारेय. कार्बन डायऑक्साइड या नावाची घडणही हीच आहे. डाय म्हणजे दोन. नियम इतका सरळ, की नाव ऐकताच रेणूची घडण कळावी. अडचण होती ती मूलद्रव्यांच्या नव्या नावांची. ऑक्सिजन हा शब्द एव्हाना रुग्णालयातून घराघरांत पोहोचला होता. जारक मात्र विद्यार्थ्याला इंग्रजीइतकाच परका वाटे.

या शब्दांची थट्टाही पुष्कळ झाली. अवघड, संस्कृतप्रचुर हिंदीला लोक रघुवीरी हिंदी म्हणू लागले. रघुवीरांनी काम थांबविले नाही. संविधान सभेचे आणि पुढे राज्यसभेचे सदस्य असतानाही त्यांचे कोशकार्य चालूच होते. १९५५ मध्ये त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश प्रसिद्ध झाला.

१९६१ मध्ये केंद्र शासनाने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. मूलद्रव्यांची आणि संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवून ती देवनागरीत लिहावीत, असे आयोगाने ठरविले. प्रांगार आणि जारक मागे पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ मे १९६३ रोजी, कानपूरजवळ झालेल्या मोटार अपघातात रघुवीरांचे निधन झाले.