नामदार गोखले यांचा मोजका शब्द

महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें, अशी वाचकांची अपेक्षा असते व ती योग्यच आहे. या लेखांत ज्यांची हकीकत सांगावयाची आहे ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले मात्र आपल्या धर्माचे नव्हते. तथापि संत याकोबानें आपल्या पत्रांत जिभेविषयीं जो कळकळीचा इशारा दिला आहे तो आपण देवळांत ऐकतों, आणि मिस्सा आटोपून दाराबाहेर पाऊल पडतें न पडतें तोंच तो विसरतों. बोलणें आदराचें व आटोपशीर असावें हें कोणास ठाऊक नाहीं? ती संवय अंगीं बाणते कशी, एवढाच काय तो प्रश्न आहे. आणि गोखल्यांच्या चरित्रांत ती बाणतांना दिसते. शिवाय ते अगदींच परके नव्हेत. कामथडीवरून जाणारा रस्ता उत्तरेस पुण्याला व दक्षिणेस सातारा, कोल्हापूर करीत कागलास जातो. त्यांचें बालपण त्या टोंकास गेलें व कर्तृत्व या टोंकास झालें.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. वडील कागल संस्थानांत नोकरीस होते. ते वारल्यावर थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली व त्यांतले ८ रुपये ते धाकट्या भावास शिक्षणासाठीं पाठवीत. अशा पैशांवर शिकणारा मुलगा उधळा होत नाहीं, पैशाच्या बाबतींत नव्हे आणि बहुधा शब्दांच्याहि नव्हे. १८८४ सालीं ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले आणि पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक म्हणून आले. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं गणित, इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले.

याच शाळेच्या एका समारंभाची गोष्ट सांगतात. तरुण गोखले दारावर तिकिटें पाहण्यास उभे होते. एक भव्य देहाचे गृहस्थ तिकिटावांचून आले. गोखल्यांनीं त्यांना ओळखलें नाहीं व अडविलें. ते गृहस्थ न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे होते. त्यांनीं आपलें नांव सांगितलें नाहीं, हुद्दा सांगितला नाहीं, रागाचा एक शब्दहि काढला नाहीं. ओळखीच्या कोणीं येऊन त्यांना आंत नेलें, एवढेंच. आपण कोण हें न सांगतां उभें राहतां येणें ही लहानसहान विद्या नव्हे.

थोड्याच वर्षांत गोखले रानड्यांचे शिष्य झाले व १९०१ सालीं गुरूंचें निधन होईपर्यंत तसेच राहिले. १८९० पासून सार्वजनिक सभेचें चिटणीसपण व तिच्या त्रैमासिकाचें काम त्यांच्याकडे आलें. सरकारास पाठवावयाचा अर्ज किंवा लेख ते लिहून नेत. रानडे तो वाचीत, आंकडे पडताळून पाहण्यास सांगत, फुगलेला शब्द दाखवीत, आणि तो पुनः लिहावा लागे. अखेरीस रानडे, आतां हें चालेल, अशा अर्थाचें कांहीं म्हणत. याहून मोठी शाबासकी त्या घरीं नव्हती. गोखल्यांची स्मरणशक्ति दांडगी होती, इंग्रज लेखकांचे उतारेच्या उतारे त्यांना मुखोद्गत असत. अशा माणसास भाराभर बोलणें सोपें असतें. त्याला थोडें व खरें तेवढेंच बोलावयास लावणें, हें काम रानड्यांनीं केलें.

त्यांचा स्वभाव मूळचा शांत होता, असें मात्र कोणीं समजूं नये. ते फार हळवे होते. टीका त्यांच्या जिव्हारीं लागे. डेक्कन एज्युकेशन सोसायटींत टिळकांशीं जो वाद झाला व ज्याच्या शेवटीं १८९० सालीं टिळक बाहेर पडले, त्यांत दोन्ही बाजूंनीं कडू शब्द गेले.

आणि मग १८९७ साल उजाडलें. गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले होते. इकडे पुण्यांत प्लेग होता, आणि घरोघरच्या तपासणीस गोरे शिपाई लावले होते. लोकांचे हाल झाले, तक्रारी झाल्या व त्यांतल्या पुष्कळ खऱ्या होत्या. पुण्याच्या मित्रांचीं पत्रें गोखल्यांस गेलीं; त्यांत शिपायांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा व त्यांतील एकीनें जीव दिल्याचा मजकूर होता. दूर देशीं बसलेल्या त्या हळव्या माणसाचें रक्त उसळलें. त्यांनीं ती गोष्ट पार्लमेंटांतील सभासदांस सांगितली, मँचेस्टर गार्डियन या पत्रांत ती छापून आली, आणि सरकारनें पुरावा मागितला.

जुलैंत ते मुंबईस उतरले. पत्रें लिहिणाऱ्यांपाशीं पुरावा नव्हता. ज्यानें लिहिलें त्यानें दुसऱ्याकडून ऐकलें होतें, त्या दुसऱ्यानें तिसऱ्याकडून. (आपल्याकडे तरी याहून वेगळें काय होतें? एका आळींत कुजबुजलेली गोष्ट दुसऱ्या आळींत पोंचेपर्यंत तिला हातपाय फुटतात, आणि मूळ बोलणारा कोण तें शोधूं गेल्यास सर्वजण एकमेकांकडे पाहतात.) गोखल्यांपुढें दोन वाटा होत्या. मित्रांचीं नांवें सांगून आपण मोकळें व्हावें ही एक. त्यांनीं नांवें सांगितलीं नाहींत. ऑगस्टच्या आरंभीं त्यांनीं वर्तमानपत्रांतून गव्हर्नरांची, प्लेगच्या अधिकाऱ्यांची व शिपायांची बिनशर्त माफी मागितली, आणि सगळा दोष आपल्या शिरावर घेतला.

त्यांच्यावर भ्याडपणाचा शिक्का बसला. ज्या पुण्यांत त्यांना राहावयाचें होतें तेथेंच लोक तोंडावर टोंचून बोलत. माफीची भाषा गरजेपेक्षां अधिक नमती होती, असें त्या वेळीं अनेकांचें मत झालें, आणि तें सर्वस्वी चूक म्हणतां येत नाहीं. परंतु टोंचणाऱ्यांना त्यांनीं उलट टोंचलें नाहीं. ते प्लेगच्या कामांत स्वयंसेवक म्हणून शिरले. यानंतरच्या अठरा वर्षांत गोखल्यांच्या तोंडून आंकड्यावांचून आरोप निघालेला फारसा आढळत नाहीं. भाजलेला हात विस्तव कसा धरावा हें शिकतो, तसें हें झालें.

१९०२ सालीं ते कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत बसले व २६ मार्च रोजीं अंदाजपत्रकावर त्यांचें पहिलें भाषण झालें. सरकारजवळ दरसाल शिल्लक उरते ती सुबत्तेमुळें नव्हे, तर गरजेहून अधिक कर घेतल्यामुळें, हा त्यांचा मुद्दा. शत्रूलाहि राग येऊं नये अशा शब्दांत त्यांनीं तो सरकारच्याच आंकड्यांवरून मांडला. मिठावर तेव्हां मणामागें अडीच रुपये कर होता. वर्षानुवर्षें ते त्याच विषयावर, त्याच शांतपणें बोलत राहिले. कर १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड रुपया व १९०७ सालीं एक रुपया झाला. हें एकट्या गोखल्यांचें श्रेय नव्हे. पण गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठाचा प्रश्न त्यांनीं एकदांहि आरडाओरड न करतां इतकीं वर्षें लावून धरला, हें खरें.

घरांतलें बोलणें कसें होतें? १९०१ सालच्या अखेरच्या काँग्रेसनंतर मोहनदास गांधी सुमारें महिनाभर कलकत्त्यास त्यांच्याकडे राहिले. पाहुणा तीनच वर्षांनीं लहान व स्पष्टवक्ता. आपण ट्राममधून न जातां घोड्याच्या गाडींतून कां जातां, असा आक्षेप त्यानें यजमानांवर घेतला. गोखल्यांना वाईट वाटलें. परंतु त्यांनीं त्याला गप्प केलें नाहीं कीं टाळलें नाहीं. आपल्याला सुखाची हौस नाहीं, ओळखीचे लोक फार झाल्यामुळें ट्राममधून जाणें जमत नाहीं, असें सरळ सांगितलें. पुढें ते फिरावयास जात नाहींत यावरूनहि त्याच पाहुण्यानें त्यांना बोल लावला. वेळ कोठें आहे, एवढेंच त्यांचें उत्तर. वडीलधाऱ्यानें धाकट्याला उत्तर देण्याची ही तऱ्हा पुष्कळ घरांनीं पाहण्यासारखी आहे.

१२ जून १९०५ रोजीं पुण्यास त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला. सभासदाच्या सात शपथांपैकीं एक अशी कीं, कोणाशींहि वैयक्तिक भांडण करावयाचें नाहीं. आणि दुसरी, जातिधर्माचा भेद न मानतां सर्व हिंदी लोकांस बंधु समजावयाचें. पहिली दिसावयास सोपी. ज्यानें ती एक आठवडा तरी पाळून पाहिली असेल त्यालाच ती कळेल.

१९१२ सालीं ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथील हिंदी लोकांच्या सभांत इंग्रजी न बोलतां मराठींत बोलावें, असा आग्रह गांधींनीं धरला; श्रोत्यांत थोडे कोंकणी मुसलमान व महाराष्ट्रीय होते. गांधींचें मराठी आठवून गोखले हंसले, पण ऐकलें. मग झांजीबारपर्यंत अशा सभांतून ते मराठींतच बोलले. ऐकणाऱ्यास जी भाषा जवळची ती आपली करणें, हाहि आदराचाच भाग.

त्याच वर्षाच्या मार्चांत त्यांचें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेंटाळलें गेलें. बिल पडणार हें त्यांना ठाऊक होतें, व तसें त्यांनीं कुरकूर न करतां सभागृहांत बोलूनहि दाखविलें. १९१५ च्या आरंभीं गांधी स्वदेशीं परतले, तेव्हां एक वर्ष देश पाहावा व सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊं नये, असें वचन गोखल्यांनीं त्यांजकडून घेतलें.

तें वर्ष सरलेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. मधुमेहानें ते खंगले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, एकोणपन्नासावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचें निधन झालें. कामथडीच्या वायव्येस असलेल्या सिंहगडावर तेव्हां टिळक राहिले होते. पंचवीस वर्षांचे ते प्रतिपक्षी. वर्तमानपत्रांतून त्यांनीं गोखल्यांवर कितीतरी प्रहार केले होते. बातमी कळतांच ते गड उतरून पुण्यास आले, स्मशानांत जमलेल्या लोकांपुढें उभे राहिले, आणि गोखल्यांचा गौरव करून त्यांचा कित्ता गिरवावा असें त्यांनीं लोकांस सांगितलें.