डी. डी. कोसंबी: एका विषयात न मावलेला गणितज्ञ

चेहरा ओळखणाऱ्या सुरुवातीच्या प्रोग्रॅम्समध्ये एक युक्ती असायची: हजारो पिक्सेलचा फोटो मोजक्या आकड्यांत बसवायचा. इंजिनिअरिंगला मी तिच्यामागचा सिद्धांत 'कारहुनेन-लोएव्ह' या नावाने पाठ केला. पण त्या दोघांच्याही आधी, १९४३ मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी तो मांडला होता, हे मला नोकरी लागल्यावर कळलं!

कोसंबींचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पालीचे मोठे अभ्यासक. हार्वर्डमधून १९२९ ला पदवी घेऊन दामोदर भारतात परतले.

गणितासोबत त्यांनी जुन्या नाण्यांचा नाद घेतला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणजे वजन घटतं. मग हजारो नाणी तोलून, वजनांची आकडेवारी मांडून कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं हे ठरवता येतं. इतिहासात डेटा सायन्सच म्हणा ना! १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. जनुकीय नकाशे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय आजही दिसतो. शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांचं संपादन आणि १९५६ चं भारतीय इतिहासावरचं गाजलेलं पुस्तक.

मग एकाच विषयात राहण्याची गरजच काय? थांबा, दुसरी बाजूही आहे. १९५९ मध्ये त्यांनी रीमान हायपोथेसिस हा गणितातला अतिअवघड प्रश्न सुटल्याचा दावा केला, तोही शेतीविषयक संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये. सिद्धता चुकीची निघाली आणि गणितज्ञांमधली त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. त्यामागे इतर मतभेदही होते. १९६६ मध्ये, साठीही गाठण्याआधी ते गेले.

मला यातून एक गोष्ट पटली. नाणी असोत की जनुकं, कोसंबींच्या हातातलं हत्यार एकच होतं: संख्याशास्त्र. ते पक्कं होतं, म्हणून दुसऱ्यांच्या अंगणातही चाललं. घात झाला तो विषय बदलल्यामुळे नाही, तर त्या प्रश्नातल्या जाणकारांकडून आधी कसून तपासून न घेतल्यामुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर, कुठल्याही प्रोजेक्टमध्ये कोड जरूर लिहा, पण रिव्ह्यू त्या प्रोजेक्टवाल्यांकडूनच करून घ्या.