श्रीसंत सेवालाल महाराज : माणूस कोणाला म्हणावे?

चौऱ्यायशी लक्ष योनी फिरून एकदा नरदेह लाभतो, असे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. ऐकताना मान डोलावतो आणि घरी गेलो की विसरतो. पण नरदेह लाभला म्हणजे माणूसपण लाभलेच का? दोन हात, दोन पाय आणि बोलायला जीभ एवढ्यावर माणूस ठरत असेल, तर संतांनी एवढा आटापिटा कशाला केला असता? या प्रश्नाचा उलगडा पंडितांनी ग्रंथांतून केला. वऱ्हाडात समाधिस्थ झालेल्या एका सत्पुरुषाने तोच उलगडा बैलांच्या मागे चालता चालता केला. त्या श्रीसंत सेवालाल महाराजांचे चरित्र या महिन्यात आम्ही वाचकांच्या सेवेस सादर करीत आहोत.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे लहानसे गाव आहे. हा भाग पूर्वी अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. येथे जगदंबेचे देऊळ आहे आणि सेवालाल महाराजांची समाधीही येथेच. बंजारा समाज या स्थानाला आपली काशी मानतो. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते, तेव्हा महाराष्ट्राप्रमाणेच तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही माणसे येतात. आपल्याला जशी पंढरी, तशी त्यांना पोहरादेवी, एवढे सांगितले म्हणजे वारकऱ्याला पुरे.

महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी झाला, असे मानतात. वडील भीमा नायक आणि आई धर्मणी. जन्मस्थानाचा मान आंध्रातील गुत्तीचा परिसर सांगतो, तसा कर्नाटकातील सूरगोंडनकोप्पही सांगतो. यात नवल ते काय! ज्याचे घर बैलाच्या पाठीवर, त्याचे गाव कोणते म्हणायचे? बंजारा म्हणजे त्या काळचा फिरता व्यापारी. बैलांवर गोणी लादून मीठ आणि धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचे, या धंद्याला ते लदेणी म्हणत. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या देशात फिरला. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहून तो थक्क झाला होता. आगगाडी नव्हती, पक्के रस्ते नव्हते. अशा काळी समुद्रकाठचे मीठ दूरदूरच्या चुलीपर्यंत पोचे, ते या लोकांच्या पायपिटीमुळे.

भीमा नायक तांड्याचा प्रमुख. तेव्हा बाळ सेवाच्या वाट्यालाही गुरे राखणे आले. रानात गुरे चारताना त्याने मातीचा शिरा करून सवंगड्यांना खाऊ घातला, अशी कथा तांड्यांत सांगतात. कोणी म्हणेल, असे कुठे होते का? आम्ही त्या वादात शिरत नाही. कथेतला मुलगा भुकेल्या सोबत्यांना आधी वाढतो, आमचे लक्ष तेवढ्यावर आहे. भक्तांनी चमत्कार सांगितला, पण तोही पोटभर जेवणाचा. सोन्याच्या मोहरांचा सांगितला नाही.

यानंतर चरित्रातला सर्वांत कठीण प्रसंग येतो. जगदंबेने या मुलाला आपला भगत व्हायला बोलावले, असे परंपरा सांगते. देवी प्रसन्न झाली तर कोण नाही म्हणेल? सेवाने नाही म्हटले. देवीला बकऱ्याचा बळी लागे आणि सेवाच्या मनाला रक्त मानवेना. देवी रागावली, तांड्यावर संकटांमागून संकटे आली, बापाच्या जिवाला घोर लागला. तरीही हा पोर कैक दिवस आपल्या जागेवरून हलला नाही. शेवटी वडिलांचे आणि तांड्याचे हाल पाहून त्याने सेवा पत्करली, पण जीव घेण्याचे काम स्वतःच्या हाताने स्वीकारले नाही. महाराज जन्मभर ब्रह्मचारी आणि शाकाहारी राहिले. आजही त्यांच्या नावाने तूप-गुळाचा गोड भोग अग्नीत देतात. तांड्यात त्यांचे निशाण पांढरे आणि देवीचे तांबडे असते.

सज्जनहो, या प्रसंगाचे मर्म काय? देवाची आज्ञासुद्धा विवेकाच्या चाळणीतून घालावी, एवढे धैर्य या गुराख्याने दाखविले. पुढे त्यांनी जी शिकवण दिली, तिच्या मुळाशी हेच आहे. आधी जाणून घ्यावे, मग पारखावे आणि त्यानंतरच मानावे, अशा तीन पायऱ्या त्यांनी आपल्या लोकांना घालून दिल्या. बैलाला वेसण घातली की दोरी ओढेल तिकडे तो जातो, त्याला पायऱ्या लागत नाहीत. आयुष्यभर बैल हाकणाऱ्या माणसाला हा फरक पुरता ठाऊक होता. ज्याला वेसण नाही आणि तरी जो भलतीकडे जात नाही, तो माणूस.

चोरी करू नये, खोटे बोलू नये, दारूपासून दूर राहावे, बाईमाणसाचा मान राखावा, कोणाचा जीव दुखवू नये, हे त्यांचे सांगणे. ऐकायला साधेच. पण रोज नवा मुलूख, नवा बाजार आणि रानातला मुक्काम, अशा जगण्यात हे पाळणे सोपे नव्हे. परक्या गावात पत टिकते ती शब्दावर. तहानलेल्याला पाणी द्यावे, पाण्याचा पैसा घेऊ नये, असेही त्यांनी बजावले. एक दिवस पाणी विकत घ्यावे लागेल, हे त्यांचे भाकीत तांड्यांतून सांगत आले आहेत. आज बाटलीतले पाणी विकत घेताना आपल्याला ते आठवावे.

बंजारे स्वतःला गोर म्हणवतात आणि बाहेरच्याला कोर. आपला नि परका हा भेद कोणत्या समाजात नाही? पण महाराजांच्या नावाने तांड्यात जी प्रार्थना होते, तिच्यात किडा-मुंगीचेही भले मागतात, गोरगरिबाचे मागतात, सर्व जिवांचे मागतात. जो मुंगीसाठी मागणे मागतो, तो कोराला कसा वगळील? भूतदया भूतदया म्हणून आपण जे घोकतो, ते हेच.

परंपरेप्रमाणे महाराजांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या रुईगड येथे देह ठेवला, आणि पोहरादेवीला त्यांची समाधी झाली. जन्मभर जो चालत राहिला, तो येथे थांबला.

त्यानंतर काळ पालटला. रस्ते झाले, १८५३ साली आगगाडी आली आणि लदेणी बसली. मग १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातीत जन्मला म्हणून तो गुन्हेगार, असे त्या कायद्याचे म्हणणे. तो पुढे प्रांतोप्रांती पसरला आणि ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांवरही हा शिक्का बसला. ज्यांच्या गुरूने चोरी करू नये म्हणून जन्मभर सांगितले, त्यांची पोरे पाळण्यातच चोर ठरली! जाणले नाही, पारखले नाही, नुसते मानून टाकले. महाराजांच्या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन गाळल्या म्हणजे केवढा अनर्थ होतो, याचा दुसरा दाखला कशाला हवा? स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. त्याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. कायद्याचा शिक्का पुसला. मनातला पुसला की नाही, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे.

पोहरादेवीला २०२४ साली बंजारा समाजाचे मोठे संग्रहालय उघडले. त्याची इमारत नंगाऱ्याच्या आकाराची आहे. वास्तू झाली, चांगले झाले. पण महाराजांचे खरे स्मारक आणखी कठीण आहे. ज्या देवीपुढे त्यांनी रक्ताला नकार दिला, तिच्याच यात्रेत बळी देऊ नका म्हणून आपल्याच माणसांना विनवावे लागले आहे. यात आम्ही बंजारा बांधवांना बोल लावीत नाही. गळ्यात माळ घालून घरी सोवळेओवळे आणि उच्चनीच पाळणारे आपल्यातही कमी नाहीत. गुरूला मानणे सोपे, गुरूचे मानणे अवघड.

तात्पर्य, नरदेह आईबापाकडून मिळतो. माणूसपण रोज कमवावे लागते. कोणी काही सांगितले, मग ते शेजाऱ्याविषयी असो, जातीविषयी असो की देवाविषयी, तर आधी जाणावे, पारखावे, मग मानावे. दाराशी कोणी तहानलेला आला, तर त्याचे नाव-गाव विचारण्याआधी तांब्या पुढे करावा. एवढे ज्याला साधले, त्याची चौऱ्यायशीची पायपीट सार्थकी लागली. आषाढीच्या वाटेवर चालताना आम्हां सर्वांस ते साधो, हीच श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना.